पॅडलेट: दोन देशांच्या वर्गांसाठी एक भिंत

परदेशी वर्गाबरोबर ऑनलाइन प्रकल्प करायचा तर व्हिडिओ कॉलपेक्षा पॅडलेट जास्त उपयोगी पडतं. पॅडलेट म्हणजे सगळ्यांना नोंदी, फोटो, आवाज लावता येतात अशी ऑनलाइन भिंत. मुख्य कारण घड्याळ. जर्मनीत सकाळचे 8 वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे 12:30 असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि तेच 8 आपल्या 11:30 ला वाजतात. ठरलेला तास इथेच हुकतो. पॅडलेटवर ज्याने त्याने आपापल्या वेळी लिहावं.

भिंतीच्या प्रकारांत नकाशा सगळ्यात सरस. मूल आपल्या गावावर खूण ठेवतं, फोटो जोडतं, मिनिटभर आवाज रेकॉर्ड करतं. विद्यार्थ्याला खातं लागत नाही, दुवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतो. पण खात्याविना लिहिलेल्या नोंदीवर नाव आपोआप येत नाही, म्हणून शीर्षकात पहिलं नाव आणि गट लिहायला लावाच. आडनाव, शाळेचा पत्ता नको.

दुवा पाठवण्याआधी परवानगी तपासा. पाहुण्यांना फक्त लिहिण्याची परवानगी द्या. संपादनाची दिलीत तर एक मूल दुसऱ्याची नोंद सहज पुसू शकतं, आणि हे फार वेळा घडतं. शिक्षकाच्या मंजुरीनंतरच नोंद दिसेल, ही सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मात्र मंजुरी रोज द्या. दोन दिवस अडकलेली नोंद म्हणजे पलीकडच्या मुलाला न मिळालेलं उत्तर.

फुकट खात्यात भिंती मोजक्याच मिळतात, ही खरी अडचण. जुनी भिंत पीडीएफमध्ये उतरवून मगच काढून टाका. त्यात आवाज येत नाही, तो वेगळा जपावा लागतो.