भिंग, अतिनील टॉर्च आणि तारखांची वही: जुन्या रॉक सह्या पारखण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

१९६० आणि १९७० च्या दशकांतील रॉक बँडच्या सह्या, कार्यक्रमांची पत्रके आणि सही केलेली रेकॉर्डची कव्हरे मी बरीच वर्षे जमवतो आहे. नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत मात्र त्यांचा खरेखोटेपणा मी विक्रेत्याच्या शब्दावर आणि सोबत आलेल्या प्रमाणपत्रावर सोडून देत असे. चार सह्या असलेले एक फॅन क्लबचे कार्ड मी याच भरवशावर घेतले आणि त्या चारही सह्या छापील निघाल्या. त्यानंतर मी दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, संगणकाला जोडायचा डिजिटल सूक्ष्मदर्शक आणि ट्रेसिंगसाठी खालून उजेड देणारी पाटी म्हणजे लाइट पॅड विकत घेतला आणि छायाचित्रावरून मत देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे सदस्यत्वही घेतले. या काळात स्वतःच्या संग्रहातील आणि मित्रांनी दाखवलेल्या मिळून साठेक वस्तू मी या साधनांनी तपासल्या. त्यातून प्रत्येक साधनाबद्दल माझे जे मत बनले ते येथे सविस्तर लिहितो आहे, कारण ही साधने विकणारे त्यांच्याबद्दल जे सांगतात त्यात आणि प्रत्यक्ष वापरात बरेच अंतर आहे.

भिंगाने मला सर्वांत जास्त दिले. ज्या कार्डाने मला फसवले ते भिंगाखाली धरल्याबरोबर सह्यांच्या रेषा ठिपक्यांत विरघळल्या आणि शेजारच्या चेहऱ्यांवर जे ठिपके होते त्याच जाळीचा त्या भाग आहेत हे दिसले. पेनाची शाई कागदावर किंवा फोटोच्या पृष्ठभागावर वेगळा थर म्हणून बसते आणि प्रकाशात तिची चकाकी वेगळी दिसते. छापील सहीला अशी स्वतःची चकाकी नसते. हे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. दहा पटींचे भिंग वस्तूपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणि डोळ्याच्या अगदी जवळ धरावे लागते. सुरुवातीला मी ते हात लांब करून वाचनाच्या भिंगासारखे धरत होतो आणि सगळे धूसर दिसते म्हणून भिंगालाच दोष देत होतो. सवय व्हायला दोन आठवडे गेले.

भिंगाचा खरा उपयोग बॉलपेनच्या सह्यांवर होतो, आणि त्या काळातील बऱ्याच सह्या बॉलपेनच्याच आहेत. बॉलपेनची गोळी वळणावरून फिरताना रेषेत शाई न लागलेल्या बारीक पांढऱ्या ओळी सोडते. त्या ओळी वळणाच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे, पेन ज्या दिशेने चालले त्या दिशेने सरकतात. त्यामुळे एखादे अक्षर कुठल्या बाजूने लिहिले गेले हे साठ वर्षांनंतरही वाचता येते. तीव्र वळण संपल्यावर शाईचा छोटा गोळा साचतो, त्यावरूनही दिशा कळते. माझ्याकडील एका सहीत मोठ्या अक्षराचा फेरा खात्रीच्या नमुन्यांच्या उलट दिशेने काढलेला आढळला. नुसत्या डोळ्यांना ती सही हुबेहूब वाटत होती. नक्कल करणारा माणूस आकार पाहतो आणि तो आकार बनला कसा हे त्याला पाहायला मिळालेले नसते, म्हणून या जागी तो चुकतो.

दुसरी खूण वेगाची. आयुष्यात हजारो वेळा केलेली सही वेगात होते. तिच्या रेषांची टोके निमुळती होत जातात, कारण पेन कागदाला टेकण्याआधी आणि कागद सोडल्यानंतरही हात फिरत असतो. पाहून काढलेल्या सहीत टोके बोथट असतात, रेषेची जाडी सगळीकडे सारखी असते आणि जिथे पेन उचलण्याचे काही कारण नाही अशा ठिकाणी ते उचललेले दिसते. तरीही एक खबरदारी सांगायला हवी. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी गर्दीत, भिंतीला किंवा मोटारीच्या टपाला वही टेकवून केलेली खरी सहीसुद्धा थरथरते. अशा सहीत थरथर असली तरी वेग टिकून असतो. हा फरक ओळखायला भरपूर खऱ्या सह्या पाहाव्या लागतात.

या संचात नसलेला, घरातला साधा टॉर्च मला महागड्या सूक्ष्मदर्शकापेक्षा जास्त उपयोगी पडला. खोली अंधारी करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरला की पेनाने पाडलेले चर सावलीने उठून दिसतात आणि पान उलटले तर मागचा उठावही दिसतो. आधी पेन्सिलीने गिरवून मग शाई फिरवलेली असेल तर शाईच्या रेषेशेजारी दुसरा, न जुळणारा चर सापडतो.

अतिनील टॉर्चबद्दल मात्र सावधपणे लिहितो, कारण त्याच्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली. आधी मी ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च आणला होता. त्याचा जांभळा उजेडच इतका असतो की कागद स्वतः चमकतो आहे की नुसता उजेड परततो आहे हे कळत नाही. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घेतल्यावर हा गोंधळ संपला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायने अतिनील प्रकाशात निळसर चमकतात, आणि जुना कागद चमकत नाही असे मी कुठेतरी वाचून पक्के धरले होते. त्या जोरावर १९६० च्या दशकातील एक कार्यक्रमपत्रक मी नकली ठरवून परत केले. ही रसायने कागदात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आली आणि १९६० च्या दशकात ती सर्रास वापरली जात होती, हे मला नंतर कळले. म्हणजे १९३० च्या पत्रकावर ती चमक हा पुरावा ठरेल; १९६७ च्या पत्रकावर तिचा काही अर्थ निघत नाही. ते पत्रक खरे होते असे आज मला वाटते आणि त्याची खंत आहे. हा टॉर्च आता मी पुसलेली नावे, डागडुजीचा डिंक आणि नंतर चिकटवलेला कागद शोधण्यापुरता वापरतो. त्यात तो चांगला आहे. फार वेळ धरला तर शाई फिकी होण्याचा धोका असतो आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

डिजिटल सूक्ष्मदर्शकाने निराशा केली. जाहिरातीतील शेकडो पटींचा आकडा कामाचा नाही. पन्नास पटींच्या वर कागदाचे तंतूच दिसू लागतात आणि सही हरवते. त्याचा स्टँड डुगडुगतो, आणि भोवतीच्या दिव्यांचे प्रतिबिंब चकचकीत कव्हरवर नेमके सहीवर पडते. तपासलेल्या जागेचे छायाचित्र काढून जपता येते, एवढ्यासाठी तो ठेवला आहे. लाइट पॅड त्यापेक्षा बरा. एकाच माणसाच्या दोन सह्या एकावर एक ठेवून पाहिल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या तर ती वाईट बातमी असते, कारण माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही; सही करणारे यंत्र करते.

आता तारखांच्या वहीबद्दल. तिला पैसे पडले नाहीत, आणि साठपैकी सर्वांत जास्त वस्तू तिनेच बाद केल्या. वहीच्या एका बाजूला कोण केव्हा बँडमध्ये आला, केव्हा बाहेर पडला आणि केव्हा वारला हे लिहिले आहे. दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड, पेने आणि छपाई यांच्या तारखा आहेत. गायिका जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७० रोजी गेली आणि तिचा ‘पर्ल’ हा आल्बम जानेवारी १९७१ मध्ये आला. त्यावर तिची सही असूच शकत नाही. लेड झेपलिन बँडचा ढोलवादक जॉन बॉनहॅम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला आणि बँडचा ‘कोडा’ हा आल्बम १९८२ मध्ये निघाला. डोअर्स बँडचा गायक जिम मॉरिसन मार्च १९७१ मध्ये पॅरिसला निघून गेला, त्यांचा ‘एल. ए. वूमन’ हा आल्बम एप्रिलमध्ये बाजारात आला आणि ३ जुलैला मॉरिसन पॅरिसमध्येच वारला. त्या कव्हरवरची त्याची सही दिसली तर ते कव्हर पॅरिसला पोहोचले कसे हे आधी विचारावे. जॉन लेननचा ‘डबल फँटसी’ हा आल्बम १७ नोव्हेंबर १९८० रोजी प्रकाशित झाला आणि ८ डिसेंबरला त्याची हत्या झाली, म्हणजे त्या कव्हरवर सही करायला त्याला जेमतेम तीन आठवडे मिळाले. रिंगो स्टार बीटल्समध्ये ऑगस्ट १९६२ मध्ये आला. त्याआधीच्या तारखेच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौघांच्या सह्यांत त्याची सही असेल तर ती बहुधा त्या रात्रीची नाही. आणि त्यानेच २० ऑक्टोबर २००८ नंतर टपालाने आलेल्या कशावरही सही करणार नाही असे जाहीर केले होते, हे तर अलीकडचे उदाहरण.

पेनांच्या तारखाही तितक्याच कामाच्या आहेत. फेल्टचे टोक असलेले आधुनिक पेन जपानमध्ये १९६२ साली आले, शार्पी मार्कर अमेरिकेत १९६४ साली आणि जेल शाई १९८४ साली. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९७० मध्ये गेला, त्यामुळे जेल पेनने केलेली त्याची सही तपासत बसण्याचे कारणच उरत नाही. सही असलेल्या गिटारच्या बाबतीत तिचा निर्मिती क्रमांक पाहावा: अमेरिकी फेंडर गिटारच्या क्रमांकाच्या सुरुवातीचे ‘एन’ अक्षर १९९० चे दशक दाखवते. कव्हरवर बारकोड असेल तर तेही पाहावे, कारण दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो जून १९७४ मध्ये. १९६० च्या दशकातील ब्रिटिश कव्हरांच्या पुढच्या बाजूला चकचकीत लॅमिनेशन असे आणि त्यावर बॉलपेन घसरत असे, म्हणून सह्या बहुधा मागच्या साध्या बाजूवर घेतल्या जात. १९६३ च्या कव्हरच्या पुढच्या बाजूवर जाड मार्करने केलेली ठळक सही म्हणूनच मला अस्वस्थ करते.

तरीही साधने आणि तारखा जिथे थांबतात अशी एक वस्तू माझ्याकडे आहे, आणि तिने मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त शिकवले. ती सह्यांच्या वहीतील एक गुलाबी पान आहे. त्यावर बीटल्सच्या चौघांच्या निळ्या बॉलपेनमधील सह्या आहेत. पहिल्या मालकिणीने शाळकरी वयात, १९६३ च्या ब्रिटनमधील दौऱ्याच्या वेळी, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभे राहून वही आत पाठवली आणि थोड्या वेळाने ती सह्यांसह परत आली, असे तिने स्वतः लिहून दिले आहे. कागद त्या काळाचा आहे. शाई त्या काळाशी सुसंगत आहे, चर आहेत, वेग आहे, टोके निमुळती आहेत. मी दोन महिने खुशीत होतो. मग एका संध्याकाळी चारही सह्या वेगवेगळ्या झाकून पाहताना लक्षात आले की चौघांचा तिरपेपणा सारखा आहे, अक्षरांमधले अंतर सारखे आहे आणि चारही नावांत ‘एन’ एकाच हाताने खाली उतरतो आहे. बीटल्सचे रोड मॅनेजर, म्हणजे दौऱ्यांची व्यवस्था पाहणारे, नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स त्यांच्या वतीने सह्या करत, हे संग्राहकांना चांगले ठाऊक आहे. बँडमधले चौघेही कधी कधी एकमेकांच्या सह्या करत. माझ्या पानावरचा हात नेमका कोणाचा ते मी सांगू शकत नाही, पण तो एकच हात आहे. त्या मुलीने खोटे काहीच सांगितले नाही. वही खरोखर आत गेली होती आणि कोणीतरी खरोखर, वेगात, रोजच्या सवयीने सह्या केल्या होत्या. भिंग, टॉर्च आणि माझी तारखांची वही या तिघांनीही या पानाला होकार दिला असता. साधनांनी वस्तू बाद करता येते, अस्सल ठरवता येत नाही, हे मला या पानामुळे नीट समजले.

ऑनलाइन सेवेने याच पानाला दोन दिवसांत ‘बहुधा अस्सल’ असे उत्तर दिले. कारण दिले नाही. महिन्याभराने तेच छायाचित्र थोडे कापून पाठवले, तर ‘मत देता येत नाही’ असे आले. सदस्यत्व मी पुढे चालू ठेवले नाही. जो जाणकार आपल्या मतामागची अक्षरे, वळणे आणि तुलनेचे नमुने दाखवतो, त्याचे मत चुकले तरी त्यातून शिकता येते. नुसत्या होकार-नकाराचा तसा उपयोग नाही. प्रमाणपत्रांचेही तेच. अमेरिकेत एफबीआय या तपास यंत्रणेने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्या. मुख्य धंदा खेळाडूंच्या सह्यांचा होता आणि सह्यांसोबत प्रमाणपत्रेही खोटी दिली जात होती. तेव्हापासून प्रमाणपत्र मी सर्वांत शेवटी वाचतो.

हे काम सुरू करणाऱ्याने आधी भिंग आणि साधा टॉर्च घ्यावा, सूक्ष्मदर्शक घेऊ नये, आणि वाचलेल्या पैशांत खात्रीच्या, वर्षनिहाय नमुन्यांची छायाचित्रे असलेली पुस्तके आणि लिलावांच्या जुन्या सूची मिळवाव्यात. माणसाची सही वर्षांगणिक बदलत जाते. १९६३ ची सही १९७० च्या नमुन्याशी ताडून काही हाती लागत नाही. सध्या माझ्याकडे एका ढोलवादकाची १९६९ ची म्हणून आलेली सही आहे. तिचा कागद, शाई आणि वेग यांत काही खटकत नाही, पण त्या वर्षाचे माझ्याजवळ दोनच खात्रीचे नमुने आहेत आणि ते एकमेकांशीच पुरते जुळत नाहीत. आणखी नमुने मिळेपर्यंत वहीत तिच्यापुढे पेन्सिलीने ‘अनिर्णित’ असे लिहून ठेवले आहे.