शपथ की प्रतिज्ञा : शिवाजीनगर न्यायालयाबाहेरील एका नोटरी सेवेचे परीक्षण

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाभोवती प्रतिज्ञापत्र करून देणाऱ्यांची वानवा नाही. त्यांतील एका टंकलेखक-नोटरी जोडीकडून आम्ही अलीकडेच काम करून घेतले. वाटपाच्या एका दिवाणी दाव्यात आत्याची आणि माझी साक्ष व्हायची होती आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने होणारी पहिली साक्ष, बहुधा प्रतिज्ञापत्रानेच दाखल होत असल्यामुळे साक्षीचा पहिला टप्पा न्यायालयाच्या पिंजऱ्यात नव्हे, तर या टेबलावरच पार पडणार होता. त्या दृष्टीने पाहता ही सेवा टंकलेखनात उत्तम आहे, कागदपत्रांच्या तपासणीत समाधानकारक आहे आणि जे तिचे मुख्य काम, म्हणजे शपथ देणे, त्यात मागितल्याशिवाय काहीच न देणारी आहे.

आधी चांगले सांगतो. वकिलांनी दिलेला मसुदा टंकलेखकाने मराठीत स्वच्छ उतरवला, फेरफार क्रमांक आणि गट क्रमांक मूळ कागदांशी ताडून घेतले आणि चतुःसीमांमधील पूर्व-पश्चिमेचा घोळ आमच्याआधी त्याच्याच लक्षात आला. नोटरींनी आधारपत्रे मूळ प्रतींत पाहिली आणि नोंदवहीत सह्या घेतल्या. पावती मात्र मागावी लागली.

त्यानंतर शिक्के पडले. ‘माझ्यासमोर सत्यप्रतिज्ञेवर कथन केले’ असा मजकूर त्यांतील एका शिक्क्यात होता. प्रत्यक्षात तोपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणीही, कोणासमोरही, काहीही कथन केलेले नव्हते. ईश्वराच्या नावाने शपथ घ्यायची की ते नाव न घेता प्रतिज्ञा करायची, हे आम्हाला विचारले गेले नाही. मी स्वतः विचारल्यावर नोटरी महोदयांनी ‘त्यात काय एवढे, दोन्ही सारखेच’ असे उत्तर दिले. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे, परंतु ज्याला निवड करायची आहे त्याला ते उपयोगाचे नाही.

शपथ अधिनियम, 1969 च्या कलम 5 नुसार साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते, आणि त्यासाठी त्याने आपला धर्म किंवा धर्माचा अभाव सिद्ध करावा, कारण द्यावे किंवा अर्ज करावा अशी कोणतीही अट तेथे नाही. अनुसूचीतील नमुन्यांत ईश्वराच्या नावाने शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय एकाच वाक्यात शेजारी-शेजारी दिलेले आहेत, आणि प्रतिज्ञापत्राचा नमुनाही त्याला अपवाद नाही. परिणाम दोहोंचा एकच आहे : न्यायिक कार्यवाहीत जाणूनबुजून खोटा पुरावा दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 अन्वये सात वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मग साक्षीदाराने देवाचे नाव घेतलेले असो वा नसो.

आमच्या बाबतीत अडचण उलट बाजूने आली, हे विशेष. माझी ईश्वरावर श्रद्धा नाही आणि टंकलेखकाच्या ठरलेल्या नमुन्यात ‘सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की’ असेच शब्द असल्यामुळे माझे काम आपोआप झाले होते. पण माळकरी असलेल्या आत्याला ते मान्य नव्हते. ‘विठ्ठलाला साक्ष न ठेवता मी खरं बोलते असं लिहून द्यायचं, तर त्या खऱ्याला काय अर्थ?’ असे त्यांनी नोटरींना विचारले. मला त्यांचा आग्रह पटला नाही, परंतु तो त्यांचा अधिकार होता.

तयार नमुन्यात प्रतिज्ञाच का असते, याचे मूळ बहुधा जुन्या कायद्यात असावे. गंगाजल किंवा कुराण यांवर शपथ घ्यायला लावल्याने न्यायदानात अडथळे येतात, म्हणून कंपनी सरकारने 1840 च्या पाचव्या अधिनियमाने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांसाठी शपथेऐवजी प्रतिज्ञा ठरवली, जरी तिच्या शब्दांत सर्वशक्तिमान ईश्वराचा उल्लेख होताच. पुढे 1873 च्या शपथ अधिनियमानेही हिंदू आणि मुसलमान साक्षीदाराने, तसेच शपथेला हरकत असणाऱ्या कोणीही, प्रतिज्ञाच करावी असे सांगितले. म्हणजे प्रतिज्ञा ही नास्तिकांसाठी अलीकडे काढलेली सोय आहे, हा समज आपल्याकडे तरी खरा नाही. त्याच 1873 च्या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती : समोरच्याने अमुक विशिष्ट शपथ घेऊन सांगितले तर ते मला मान्य, असा प्रस्ताव पक्षकाराला देता येई, आणि ती शपथ घेतली गेली की प्रस्ताव देणाऱ्यापुरते ते कथन निर्णायक पुरावा ठरे. बेलभंडारा उचलून तंटा मिटवण्याची आपल्याकडची रीत ज्यांनी ऐकलेली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. 1969 च्या कायद्याने ही तरतूद गाळली आणि निवड धर्माकडून काढून साक्षीदाराच्या हाती दिली. ती निवड विचारायला नोटरींना अर्धे मिनिटही लागले नसते.

आत्यांनी मागणी केल्यावर मात्र या सेवेची वागणूक चांगली राहिली. टंकलेखकाने कुरकुर न करता ‘ईश्वरसाक्ष शपथेवर’ असा बदल केला, नोटरींनी दोघांची प्रतिज्ञापत्रे वाचून दाखवली आणि आत्यांकडून शपथेचे, माझ्याकडून प्रतिज्ञेचे शब्द स्पष्टपणे म्हणवून घेतले. वाचून दाखवण्याला व्यवहारातही किंमत आहे. मजकूर कोणी लिहिला, तुम्हाला वाचून दाखवला होता का, सही कोठे केली, हे प्रश्न उलटतपासात हमखास येतात.

न्यायालयात हाच विषय कितीतरी सहज हाताळला गेला. तेथे चित्रपटांत दिसते तसा कोणताही ग्रंथ पुढे येत नाही. कर्मचाऱ्याने सवयीने ‘ईश्वरसाक्ष’ अशी सुरुवात केली, मी प्रतिज्ञा करू इच्छितो असे सांगितले, न्यायाधीशांनी मान डोलावली आणि वाक्य बदलले. विरुद्ध बाजूच्या वकिलांनीही भुवई उंचावली नाही.

पाचपैकी तीन गुण द्यावेत असे मला वाटते. जमिनीच्या तपशिलांनी भरलेला मराठी मसुदा असेल तर या टेबलावर अवश्य जावे, शक्यतो न्यायालयाचे कामकाज सुरू होण्याआधी, कारण नंतर गर्दीत वाचून दाखवण्याचा आग्रह धरणे कठीण होते. शपथ हवी की प्रतिज्ञा, हे मसुदा हातात देतानाच टंकलेखकाला सांगावे. छपाईनंतर बदल केल्यास पहिले आणि शेवटचे पान पुन्हा काढावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे घेतले जातात.