दक्ष आणि कोलोसस : बॉम्बपथक आणि अग्निशमन दलाच्या रोबोंची पारख

रोबो खरेदीचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न येतो, यामुळे किती माणसं कमी लागतील? त्याऐवजी माणसाचं कोणतं पाऊल वाचेल, हे विचारायला हवं. बॉम्बपथकाचा दक्ष आणि आगीशी लढणारा कोलोसस ही दोन यंत्रं शेजारी ठेवली की फरक स्पष्ट दिसतो.

बॉम्बशोधक-नाशक पथकात सर्वांत घातक काम म्हणजे ३५-४० किलोचा सूट घालून संशयित वस्तूपर्यंत चालत जाणं. दक्ष नेमकं तेच काम अंगावर घेतो. तो डीआरडीओच्या पुण्याजवळच्या दिघीतल्या संस्थेत घडला आणि लष्कराला पहिले पाच नग डिसेंबर २०११ मध्ये मिळाले. ५०० मीटरवरून चालवता येतो, जिना चढतो, एक्स-रे काढतो, पंजानं वस्तू उचलतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं ती निकामी करतो. परिसर रिकामा झाला की पथकाला सहसा थोडी सवड मिळते, म्हणून रोबोचा संथपणा इथे खपतो.

अडचण येते ती बारीक हालचालींत. एक्स-रेची प्लेट वस्तूच्या मागे ठेवावी लागते आणि बॅग भिंतीला टेकलेली असेल तर तिथे जागाच नसते. पंजाला स्पर्श कळत नाही, त्यामुळे बॅगेची चेन उघडली, का नुसती बॅगच सरकली, हे कॅमेऱ्यावरूनच ओळखायचं. शिवाय रेडिओ संदेशानं स्फोट घडवता येऊ नये म्हणून जॅमर चालू केला की रोबोचा स्वतःचा रेडिओही तुटू शकतो. म्हणून अशा कुठल्याही रोबोसोबत तो तारेनं चालवायला केबलचं रीळ घ्याच. केबल जिन्याच्या कठड्यात अडकते, हे मात्र गृहीत धरा.

कोलोससचं गणित निराळं आहे. फ्रान्समधल्या शार्क रोबोटिक्सचा हा पट्ट्यांवर चालणारा, सुमारे ५०० किलोचा रोबो. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, तेव्हा छत कोसळण्याच्या भीतीनं जवान मागे घेतले गेले आणि आत यानं पाणी मारलं. अशा जागेसाठी तो उत्तमच आहे. मिनिटाला ३,००० लिटर पाणी ७ बार दाबानं सोडलं, तर उलटा धक्का साधारण १९० किलोचा बसतो. एवढ्या धक्क्याची ब्रांच, म्हणजे पाइपाच्या तोंडाची नळी, हातात धरणं फायरमनच्या आवाक्याबाहेरचं आहे.

पण हे पाणी येणार कुठून? ४,५०० लिटरची गाडी दीड मिनिटात रिकामी होईल. हायड्रंट (आग विझवण्यासाठीचा पाण्याचा नळ) किंवा जंबो टँकरची रांग नसेल तर एवढी क्षमता कागदावरच राहते. होजचंही तसंच. ६३ मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला सुमारे ३ लिटर पाणी मावतं, म्हणजे १०० मीटरला नुसत्या पाण्याचं वजन ३०० किलोच्या वर. सरळ रस्त्यावर रोबो ते ओढतो. दोन कोपरे आले की होज भिंतीला घासते, मुरगळते आणि पाण्याचा दाब कमी होतो. प्रत्येक कोपऱ्यावर होज सोडवायला माणूस लागतो, म्हणजे रोबो आला की माणसं वाढतात.

शिवाय चाळीच्या लाकडी जिन्यावर ५०० किलोचं यंत्र चढवण्याचा विचारही करू नये. मुंबई अग्निशमन दलानं आपला रोबो जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या आगीत पहिल्यांदा आणला. त्या दिवशी गच्चीवर अडकलेली माणसं मात्र जवानांनी शिडीवरूनच उतरवली. धुरानं भरलेल्या घरात पलंगाखाली हात घालून मूल शोधणं हे आजही बीए सेट (श्वासासाठी पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) लावलेल्या दोघांचंच काम आहे, आणि जोराच्या कामात तो सिलिंडर जेमतेम अर्धा तास पुरतो.

आता एआय. ही दोन्ही यंत्रं मुळात दुरून माणसानं चालवायची. पुढे सॉफ्टवेअर येईल ते चित्र वाचायला. बॉम्बपथकात ते एक्स-रेमधल्या तारा आणि बॅटरी दाखवेल, पण आज प्रत्येक बॅगेत पॉवर बँक असते. खोटा इशारा तासभर खातो, सुटलेला इशारा जीव घेतो. म्हणून ‘धोका नाही’ हा निकाल सॉफ्टवेअरवर कधीच सोडू नये. आगीत थर्मल कॅमेऱ्यातून माणूस ओळखणं त्याहून अवघड. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, चकचकीत टाइल्समध्ये प्रतिबिंब उमटतं आणि तापलेल्या खोलीत माणूस भोवतालापेक्षा थंड दिसतो. धूर नसलेल्या चाचणीतली अचूकता इथे लागू पडत नाही.

स्फोटकांचा धोका असलेल्या जिल्ह्याच्या पथकानं दक्षसारखं यंत्र जरूर घ्यावं आणि ते चालवणारा प्रशिक्षित बॉम्ब तंत्रज्ञच असावा. अग्निशमन रोबो रिफायनरी, बोगदे, मोठी गोदामं यांच्यासाठी. छोट्या नगरपालिकेनं त्याआधी बीए सेट, सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर आणि पुरेसे फायरमन पाहावेत. प्रात्यक्षिक मोकळ्या मैदानात घेऊ नका. भरलेली होज लावून दोन कोपरे वळवून घ्या, धुरात कॅमेरा पाहा, रेडिओ मुद्दाम तोडून यंत्र जागीच थांबतं का ते तपासा, आणि तुटलेला पट्टा किती दिवसांत मिळेल ते करारात लिहून घ्या.