तीन क्रूझनंतरचा अनुभव: बाथरूममधली दोरी आणि शेवटच्या रात्रीचं बिल

शेवटच्या रात्री बिलात तीन शर्टांच्या धुलाईचे १४ डॉलर दिसले, म्हणून हे लिहायला घेतलं. शर्ट दोरीवर वाळत घालता आले असते, पण त्या केबिनमध्ये दोरीच नव्हती. जहाज कुठलं ते जाऊ द्या. अकरा महिन्यांत तीन सफरी झाल्या: मुंबईहून गोव्याची दोन रात्रींची, मग सिंगापूरहून चार रात्रींची आणि शेवटी सात रात्रींची. मजले किती, घसरगुंड्या किती, थिएटर केवढं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. इथे फक्त निवृत्त जोडप्याच्या खिशाचा हिशोब.

तर ती दोरी. बऱ्याच जहाजांवर शॉवरच्या भिंतीला मुठीएवढी गोल स्टीलची डबी असते. तिच्यातून बारीक दोरी ओढायची आणि समोरच्या खुंटीत अडकवायची. दोन बनियन आणि एक हातरुमाल एवढंच तिला पेलतं. ओली जीन्स टाकली तर ती पोटाला लागेल इतकी खाली येते, आणि दोरी एकदा सैल झाली की परत आत जात नाही. ही डबी सगळ्या जहाजांवर नसते, नव्या जहाजांवर तर गृहीतच धरू नका. केबिनच्या भिंती पोलादी असल्यामुळे लोहचुंबकाचे हुक चालतात. मात्र '१० किलो' असं छापलेला हुक सरळ ओढला तरच तेवढा धरतो. उभ्या भिंतीवर लटकवलेल्या वजनाला तो घसरतो, तीनेक किलोच्या वर भार नको. चार हुक आणि दोन मीटर नायलॉनची दोरी, सामानात याची जागा औषधांच्या लगेच खाली.

बंद बाथरूममध्ये सुती कपडा वाळायला दीड दिवस लागतो. पिळलेला कपडा जहाजाच्या कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायचा, त्यावर पाय देऊन दाबायचा आणि मग एसीच्या झोताखाली टांगायचा. रात्री धुतलेला टेरिकॉटचा शर्ट सकाळच्या नाश्त्याला घालता येतो, सुती मात्र दुसऱ्या रात्रीपर्यंत ओला. अंग पुसायला घरून पंचा न्या, चार तासांत वाळतो. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला मनाई असते, आणि वाऱ्यानं उडालेला परकर परत मिळत नाही.

पहिल्या सफरीनंतर माझं मत होतं की बाल्कनीचे जादा पैसे वसूल होतात. ते मत आता मागे घेतो. बाल्कनीत बसणं दिवसाला तासभरही होत नाही. ऊन असलं की आत, वारा असला की आत. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची बिनखिडकीची केबिन सर्वांत कमी हलते आणि सर्वांत स्वस्त पडते. मात्र केबिनचा नंबर नंतर कंपनी ठरवणार, असं सर्वांत स्वस्त तिकीट गुडघेदुखी असलेल्यांनी घेऊ नये. मोठं जहाज साडेतीनशे मीटर लांब असतं, आणि कोपऱ्यातली केबिन मिळाली तर प्रत्येक जेवणाला तेवढी पायपीट. नकाशा उघडून बघा: वर पोहण्याच्या तलावाचा मजला नको (पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज), खाली थिएटर नको, लिफ्ट जवळ हवी. एकट्या प्रवाशाला बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं भरावं लागतं, तेव्हा बहिणीला किंवा मैत्रिणीला सोबत घेणं हाच स्वस्त उपाय.

आता ग्रॅच्युइटी. निवृत्त माणसाला हा शब्द ऐकून हातात पैसे आल्याचं आठवतं. जहाजावर नेमकं उलटं. इथे ती म्हणजे सेवकांसाठीची टिप; माणशी, दर रात्री, आपोआप लागते. रॉयल कॅरिबियन कंपनीचा साध्या केबिनचा दर १८.५० डॉलर आहे, इतरांचेही साधारण १६ ते २० च्या घरात. दोघांना सात रात्रींचे २५९ डॉलर, डॉलरला ८८ रुपये धरले तर २२,७९२ रुपये. बुकिंगच्या वेळीच भरून टाका. नंतर दर वाढला तरी फरक भरावा लागत नाही, आणि शेवटच्या रात्री तो आकडा बघून बायकोशी वाद होत नाही. बारमध्ये आणि जादा पैशांच्या हॉटेलात बिलावर १८ ते २० टक्के आधीच लावलेले असतात, तरी पावतीवर टिपसाठी रिकामी रेघ सोडलेली असते. तिथे आडवी रेघ मारा.

तिकीट स्वस्त की महाग हे दर माणशी, दर रात्र या आकड्यानं ठरवा. समजा, चार रात्रींचं दोघांचं भाडं बंदर-करासह ९०,००० रुपये. म्हणजे ११,२५०. त्यात ग्रॅच्युइटी १४८ डॉलर आणि एका फोनपुरतं वाय-फाय ८० डॉलर धरलं की तेच १३,७५८ होतं. २,५०८ रुपयांचा फरक, आणि अजून कोणी बंदरावर उतरलेलं नाही. एजंटानं परदेशी सफरीवर कापलेला टीसीएस (तिकिटासोबत आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) यात धरलेला नाही, कारण तो विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. फक्त पॅन बरोबर दिला आहे ना आणि प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या कर-पत्रकात (२६एएस) रक्कम दिसते ना, हे बघा.

कार्डाचं प्रकरण नीट समजून घ्या, जास्तीत जास्त गळती इथेच आहे. जहाजावर रोकड चालत नाही. केबिनची किल्ली हेच कार्ड, आणि मागे तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं. डेबिट कार्ड जोडलंत तर रोजच्या खर्चाइतकी रक्कम खात्यात अडकते आणि घरी आल्यावरही काही दिवस सुटत नाही. म्हणून पेन्शनच्या खात्याचं कार्ड कधीच जोडू नका. क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर काउंटरवर डॉलर रोख जमा करून खातं उघडा. खातं उघडताना 'तुमच्या देशाच्या चलनात बिल' अशी चौकट काही जहाजांवर आधीच टिक केलेली असते. ती काढायला लावा, कारण त्या रूपांतरात तीन-चार टक्के जास्त जातात. वर काही बँका परदेशातला रुपयांतला व्यवहार म्हणून आणखी एक टक्का लावतात. डॉलरमध्येच घेतलं तरी साध्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनासाठीचं बँकेचं शुल्क) आणि त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. ६०० डॉलरच्या बिलावर दोन हजार रुपयांच्या वर. मार्कअप नसलेलं कार्ड या एका कारणासाठी काढलं तरी चालेल. परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून घरूनच सुरू करा, समुद्रात ओटीपी येत नाही.

जहाज धक्क्यावरून हललं की फोन विमान मोडवर. जहाजाचा स्वतःचा उपग्रही मोबाइल टॉवर असतो, फोन आपणहून त्याला चिकटतो आणि तुमचा परदेशी रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही. वाय-फाय एकाच फोनचं घ्या. एकाच्या फोनमधून बाहेर पडून दुसऱ्याच्या फोनवर आत येता येतं. सकाळी तिचे नातवंडांचे व्हिडिओ, संध्याकाळी माझा शेअर बाजार.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. मुख्य हॉल आणि बुफे भाड्यातच आहेत आणि पुरेसे आहेत. जैन किंवा शाकाहारी हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. चहा मात्र पिशवीचा आणि दूध पुडीतलं. बुफेवर गरम दूध मागितलं तर देतात, त्यात दोन पिशव्या आणि घरून नेलेली सुंठ-वेलचीची पूड, एवढ्यावर निभावतं. विजेची किटली नेऊ नका, सामान तपासताना काढून घेतात. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर लावलेली एक्स्टेन्शन बोर्डही तशीच जप्त होते. आपली तीन जाड पिनांची प्लग तिथे बसत नाही. दोन गोल पिनांचा चार्जर युरोपीय सॉकेटमध्ये बसतो, तोच न्या.

औषधं हातातल्या पिशवीत. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येते, आणि दुपारची मधुमेहाची गोळी तिची वाट बघत नाही. इन्सुलिनच्या सुयांसाठी केबिन-सेवकाकडे डबा मागा, तो मोफत देतात. जहाजावरच्या दवाखान्यात नुसती तपासणी शंभर डॉलरच्या पुढे जाऊ शकते, म्हणून प्रवास विमा घेताना बीपी, साखर, जुनी अँजिओप्लास्टी लपवू नका. लपवली तर दावा नाकारायला विमा कंपनीला तेवढं कारण पुरतं. मळमळीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. तिनं झोप येते, तेव्हा बीपीच्या गोळ्यांसोबत चालेल का ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. मुंबईहून पहिली चाचणी करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, पावसाळ्यातला अरबी समुद्र नवख्याला मानवत नाही.

बंदरांवरच्या सहलींबद्दल माझं मत दुसऱ्या सफरीत बदललं. जहाजाची सहल महाग म्हणून सरसकट टाळावी, असं आधी वाटायचं. मलेशियातल्या पेनांगला ते खरं आहे: धक्का जॉर्जटाऊन शहराच्या पोटातच आहे, चालत भटकता येतं. मलेशियातल्याच पोर्ट क्लांगला मात्र जहाज पुलाऊ इंदा बेटावर लागतं, तिथून क्वालालंपूर पन्नासेक किलोमीटरवर. स्वतः जाऊन परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. तिथे जायचंच तर जहाजाची सहल बरी; आम्ही त्या दिवशी उतरतच नाही. सगळे गेलेले, तलाव रिकामा, खुर्ची मोफत. फुकेटला बऱ्याचदा जहाज समुद्रातच नांगरतं आणि हेलकावणाऱ्या लहान बोटीत पाऊल टाकून उतरावं लागतं. गुडघे धड नसतील तर आदल्या रात्रीच विचारून घ्या. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही तपासा, कारण जहाज बाहेर जाऊन परत सिंगापुरातच येतं.

धुलाईबद्दल शेवटची दुरुस्ती. सात रात्रींच्या सफरीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'पिशवी भरून कपडे, एकच दर' अशी चिठ्ठी केबिनमध्ये येते. साधारण तीस-चाळीस डॉलर. कपडे गुंडाळून भरले तर वीसेक बसतात. चार रात्रींसाठी हे परवडत नाही, सात रात्रींना परवडतं. प्रिन्सेस कंपनीच्या बहुतेक जहाजांवर स्वतः चालवायची धुलाई यंत्रं आहेत, दोन आठवड्यांच्या सफरीला ती बाब मी केबिनच्या दर्जाच्या वर धरीन.

बिल शेवटच्या संध्याकाळी जेवणाआधीच टीव्हीवर किंवा अॅपवर उघडा. सकाळी काउंटरसमोर रांग लागलेली असते आणि उतरायची वेळ झालेली असते. जहाजानं भेट म्हणून दिलेलं क्रेडिट उरलं असेल तर ते बुडतं, साबण नाहीतर चॉकलेट घेऊन संपवा. मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि गोळ्या आधी बाजूला काढा. आणि त्या रात्री पंचा धुऊ नका. चार तासांत वाळतो खरा, पण बॅगा त्याआधीच जातात आणि ओला पंचा गोळ्यांच्या पिशवीत येतो.