मुलाखत ठेवावी की वंचितता गुण द्यावेत? प्रवेश समितीत बसलेल्यांसाठी

एम.ए., एम.एस्सी.चे प्रवेश आपल्या हाती आले, की अध्यापकांच्या समितीत पहिला वाद होतो तो याच मुद्द्यावर. आरक्षण कायद्याने ठरलेले आहे, त्यात आपल्याला काही ठरवायचे नाही. ठरवायचे असते ते प्रत्येक यादीच्या आतले. नाशिक शहरात वाढलेली अधिकाऱ्याची मुलगी आणि धडगावच्या आश्रमशाळेतून आलेली मुलगी अनुसूचित जमातींच्या एकाच यादीत शेजारी शेजारी येतात, दोघींत तीन-चार गुणांचा फरक असतो आणि जागा एकच असते. खुल्या यादीतही हाच प्रकार. वर्गात सगळीकडची मुले यावीत असे मनापासून वाटणाऱ्या समितीपुढे मग दोन रस्ते उरतात: मुलाखत घेऊन माणूस पाहायचा, किंवा लेखी गुणांत मागास भागासाठी ठरावीक भर घालायची, म्हणजेच वंचितता गुण द्यायचे. आमच्या विभागात दोन्ही करून झाले आहे, म्हणून लिहितो.

मुलाखतीच्या बाजूचे म्हणणे चुकीचे नाही. लेखी परीक्षेत न दिसणारी जिद्द समोरासमोर दिसते. प्रयोगशाळेचे तोंडही न पाहिलेला मुलगा एखाद्या प्रश्नावर असा विचार करून उत्तर देतो, की त्याला घेतलेच पाहिजे असे वाटते. असे विद्यार्थी मला मुलाखतीतच भेटले आणि पुढे उत्तम निघाले. संगीत, नाट्य, दृश्यकला या विषयांत तर मुलाखतीवाचून गत्यंतर नाही.

पण मुलाखतीच्या गुणपत्रकाने माझे मत फिरवले. कागदावर तीन रकाने असायचे: विषयज्ञान, संवादकौशल्य, व्यक्तिमत्त्व. उमेदवार दाराबाहेर पडला की कोणीतरी हळूच म्हणायचे, ‘बावीस?’ बाकीचे मान डोलवायचे. आधी पेन्सिलीने बेरीज लिहिली जायची आणि मग ती जुळेल असे तीन रकाने भरले जायचे. यात कोणाची लबाडी नव्हती. दिवसभर मुलाखती घेणारी माणसे थकलेली असत आणि बेरीज खरोखरच त्यांच्या मनात आधी तयार होत असे. ती कशी तयार होई, तेही मी पाहिले. शहरातली मुलगी आत आली की पहिलाच प्रश्न विषयावर. तालुक्यातून आलेल्या मुलाला आधी ‘गाव कुठलं? तिकडे पाऊस झाला का? वडील काय करतात?’ विचारणारे आपुलकीनेच विचारायचे, पण त्याच्या वाट्याची निम्मी वेळ त्यातच जायची आणि विषयाची गाडी सुरू होते न होते तोच ‘ठीक आहे, या’.

निकालानंतर असा मुलगा कार्यालयात येतो आणि विचारतो, ‘सर, मी कुठे कमी पडलो?’ लेखीत तो वरच्या दहांत होता. त्याला दाखवायला माझ्याकडे ‘व्यक्तिमत्त्व ५’ एवढेच होते. त्या पाचाचा अर्थ मलाच माहीत नव्हता. याच गोष्टीमुळे माझा कौल मुलाखतीच्या विरुद्ध गेला.

हे केवळ आमच्या विभागापुरते असेल असे मला वाटत नाही. अजय हसिया खटल्यात (१९८१) श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रवेश सर्वोच्च न्यायालयापुढे होते. लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांची. तोंडीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून जास्त वाटा देणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) अब्दुल नाफे समितीने २०१६ मध्ये लेखी आणि मुलाखतीचे गुण प्रवर्गवार शेजारी मांडले, तेव्हा त्यातला सातत्याने दिसणारा फरक भेदभावाकडे बोट दाखवतो असा निष्कर्ष निघाला. मुलाखतीचे ३० गुण १५ वर आणावेत, अशी शिफारस त्या समितीने केली.

वंचितता गुणांचा देशातला जुना नमुनाही जेएनयूचाच. सत्तरच्या दशकात ही पद्धत आली, ऐंशीच्या दशकात बंद पडली, नव्वदच्या दशकात परत आली. जनगणनेतील स्त्री-साक्षरता, शेतीवर जगणारे, ग्रामीण लोकसंख्या, शौचालय नसलेली घरे अशा निकषांवर जिल्ह्यांची क्रमवारी लावायची आणि मागे पडलेल्या जिल्ह्यांतल्या उमेदवारांना गुण द्यायचे. मुलींना वेगळे ५ गुण आणि सगळे मिळून मर्यादा १२ ची. एम.फिल.-पीएच.डी.साठी मात्र २०१७ मध्ये हे गुण काढून टाकले गेले.

या पद्धतीत दोष आहेत आणि ते लपवू नयेत. जिल्हा हे माप फार मोठे आहे. गडचिरोली शहरातल्या डॉक्टरांच्या मुलाला गुण मिळतात आणि मुंबईत गोवंडीतल्या मुलीला जिल्ह्याचा एकही गुण मिळत नाही, हे मलाही खुपते. शिवाय आकडे २०११ च्या जनगणनेचे. आम्ही त्यातल्या त्यात मार्ग काढला तो तालुक्याचा. मानव विकास मिशनची २२ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांची यादी शासनाने आधीच केलेली आहे. मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या एस.टी. गाड्या याच मिशनच्या. त्या तालुक्यातल्या शाळेतून दहावी झाल्याचा दाखला असेल तर गुण द्यायचे, नुसता रहिवासाचा दाखला धरायचा नाही. शाळा बदलून गुण मिळवायला कोणी दहावीला अक्कलकुव्यात जात नाही. शहरातल्या वस्त्यांचा प्रश्न यातून सुटत नाही. तिथे पालिकेच्या शाळेतून दहावी हा निकष लावता येईल असे मला वाटते, पण ते आम्ही करून पाहिलेले नाही.

कायद्याची बाजू नीट सांभाळा. ‘ग्रामीण’ म्हणून सरसकट सवलत देऊ नका. उत्तर प्रदेशच्या वैद्यकीय प्रवेशांतले ग्रामीण भागाचे आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये रद्द केले; डोंगराळ भागाचे आणि उत्तराखंडचे (तेव्हा तो उत्तर प्रदेशातच होता) मात्र कायम ठेवले, कारण तिथले मागासपण दाखवता येत होते. म्हणून निकष आकड्यांवर उभा करा आणि तो माहितीपत्रकात आधी छापा. कोणीतरी अमेरिकेचा दाखलाही देईल, की तिथल्या न्यायालयाने २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची गुण देण्याची पद्धत रद्द केली आणि त्याच दिवशी एकेक अर्ज वाचून निवडण्याची पद्धत मान्य केली. ते खरे आहे. पण ते गुण वंशासाठी होते, आणि एकेक अर्ज वाचायला तिथे पगारी माणसांचे वेगळे कार्यालय असते. आपल्याकडे तेच दोन अध्यापक सकाळी तास घेतात आणि दुपारी मुलाखतीला बसतात.

तुमचा विभाग लहान असेल, अर्ज मोजके येत असतील आणि मुलाखत घेणारी माणसे जाणती असतील, तर मुलाखत १५ गुणांपुरती ठेवायला माझी हरकत नाही. प्रश्न सगळ्यांना तेच विचारा, गुण प्रत्येकाने वेगळ्या कागदावर द्यावेत, आणि गावाची चौकशी प्रवेश झाल्यावर करा. अर्ज शेकड्यांनी येत असतील तर वंचितता गुणच घ्या, असे मी सुचवेन. ते ढोबळ आहेत, पण जागा हुकलेल्या मुलापुढे यादी ठेवून त्याला त्याचा एकेक गुण दाखवता येतो, आणि त्याला तो चुकीचा वाटला तर त्यावर भांडताही येते.

विद्या परिषदेत विषय नेण्यापूर्वी मागच्या काही वर्षांचे लेखी आणि मुलाखतीचे गुण कार्यालयाकडून मागवा आणि प्रवर्ग व तालुका लावून शेजारी शेजारी मांडा. मुलाखत हवीच म्हणणाऱ्या सहकाऱ्यांनाच तो तक्ता करायला सांगितलात तर आणखी चांगले.