जुन्या जर्सींचं दुकान, कोलंबस: पाचपैकी चार स्टार, रिसीव्हरवरून वाद फुकट

कोलंबसात राहणाऱ्या आणि ऑगस्ट संपला की शनिवारी दुसरं कुठलंच काम न करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू टाकतोय. हाय स्ट्रीटवर कॅम्पसजवळ ओहायो स्टेट या इथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या जुन्या, वापरलेल्या जर्सी, स्वेटशर्ट, टोप्या विकणारं एक चिंचोळं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण आत्ताच आत चार माणसं झाली की पाचव्याला फुटपाथवर थांबावं लागतं. ज्याला खरंच जायचंय त्याने मेसेज करा, सांगतो.

दुकानाची गंमत अशी की मागच्या भिंतीला एक लांब रॅक आहे आणि त्यावर फक्त वाइड रिसीव्हर लोकांच्या नंबरच्या जर्सी टांगल्यात, आणि त्या साइझप्रमाणे नाहीत, वर्षाप्रमाणे नाहीत, तर मालक आजोबांच्या मते कोण किती भारी त्या क्रमाने. डावीकडे सगळ्यात भारी. आता कुठलंही गिऱ्हाईक आलं की पहिलं काम काय करतं, तर आजोबांची पाठ वळली की गुपचूप दोन हँगर इकडचे तिकडे करतं. आजोबांना सगळं दिसतं, ते काही बोलत नाहीत, संध्याकाळी परत लावून ठेवतात. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू.

ज्यांना फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा एवढंच माहितीये त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक लांबून बॉल फेकतो आणि मागे लागलेल्या डिफेंडरला चुकवून पळत जाऊन जो तो झेलतो तो वाइड रिसीव्हर. आणि सध्या ही पोरं घडवण्यात ओहायो स्टेटचं नाव पहिल्या दोनचारात घेतात. २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या टीम कॉलेजची पोरं एकेक करून निवडतात त्यात, गॅरेट विल्सन १० वा गेला आणि लगेच ११ वा क्रिस ओलावे, म्हणजे एकाच कॉलेजचे दोन रिसीव्हर पाठोपाठ. पुढच्या वर्षी जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा २० वा, २०२४ ला मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर चौथा, २०२५ ला एमेका एग्बुका १९ वा. या सगळ्यांना शिकवणारा कोच ब्रायन हार्टलाइन, तो स्वतः इथलाच जुना रिसीव्हर. तर रॅक गच्च भरलेला असणारच.

आता वाद. माझ्याबरोबर नाशिकचा एक मित्र होता, तो आकडेवाला माणूस, प्रत्येक गोष्टीची एक्सेल करणारा. तो म्हणे वाद कसला, करिअरचे यार्ड, म्हणजे कॉलेजात असताना झेललेल्या बॉलवर एकूण किती अंतर काढलं ते, बघा की विषय संपला. बघितले. करिअर यार्डमध्ये सगळ्यात वर मायकल जेन्किन्स, २,८९८. आणि त्याची १२ नंबरची जर्सी आजोबांनी लावली होती पार उजवीकडे, खिडकीजवळ, ऊन लागून खांदे फिके पडलेत बिचारीचे! मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. जेन्किन्स वाईट होता असं अजिबात नाही हां. २००२ ला पर्ड्यूविरुद्ध फोर्थ अँड वन, म्हणजे चौथी आणि शेवटची संधी आणि एक यार्ड हवा, शेवटची दीड-दोन मिनिटं, टीम मागे, आणि क्वार्टरबॅक क्रेग क्रेन्झेलने एक यार्ड काढायचा सोडून ३७ यार्ड लांब फेकला तो जेन्किन्सने टचडाउनला, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे, घेतला, १०-६ ने जिंकले, आणि त्या सीझनला नॅशनल चॅम्पियन झाले. तो कॅच नसता तर ती ट्रॉफी पण नसती. पण अख्ख्या कॉलेजच्या इतिहासात सगळ्यात भारी कोण असं विचारलं तर त्याचं नाव कोणीच पहिलं घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कारण इथे यार्डांची गोष्ट जरा वेगळी आहे. कोच वुडी हेजच्या काळात, म्हणजे १९५१ ते १९७८, इथे बॉल फेकणं म्हणजे जवळजवळ बदनामी होती, नुसतं पळवायचं, तीन यार्ड आणि धुरळा. पॉल वॉरफिल्ड हा पुढे एनएफएलमध्ये रिसीव्हर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला माणूस, पण १९६१ ते ६३ इथे तो हाफबॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, म्हणून खेळला. त्याची ४२ नंबरची जर्सी या रॅकवर असावी की नाही यावरूनच एकदा दोन म्हाताऱ्यांची चांगली जुंपलेली बघितलीये. टी-ट्वेंटीतल्या रनांवरून गावसकरला मापायला गेलात तर जे होईल तेच इथे होतं. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे, करिअरच्या बेरजा बाजूला ठेवा आणि त्या त्या वर्षी समोरच्या टीमला रात्री झोप कोणामुळे लागत नव्हती ते बघा.

असं बघितलं की पहिला माझ्या डोळ्यासमोर येतो टेरी ग्लेन, ८३ नंबर. कोलंबसचाच पोरगा, स्कॉलरशिप न मिळता टीममध्ये शिरलेला, आणि १९९५ ला ६४ कॅच, १,४११ यार्ड, १७ टचडाउन, वर देशातल्या सगळ्यात भारी रिसीव्हरला देतात तो बिलेटनिकॉफ अवॉर्ड. कॅच नीट बघा, फक्त ६४. दर कॅचला बावीस यार्ड पडतात, हे आजच्या छोट्या छोट्या पासच्या जमान्यात कोणाला जमत नाही. मग डेव्हिड बोस्टन, ९ नंबर, फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला, असताना १९९७ च्या रोझ बोल या सीझनअखेरच्या मोठ्या मॅचमध्ये शेवटचे १९ सेकंद राहिलेले असताना जिंकून देणारा टचडाउन घेतला, आणि १९९८ ला ८५ कॅच १,४३५ यार्ड. आजोबा बोस्टनला तिसरा ठेवतात. मी पाचवा ठेवला असता, पण तिथे बोलायची सोय नाही.

आणि स्मिथ-एन्जिग्बा! ११ नंबर. १ जानेवारी २०२२, रोझ बोल, समोर युटा, आपले विल्सन आणि ओलावे दोघं ड्राफ्टच्या तयारीसाठी खेळलेच नाहीत, आणि या पोराने एकट्याने १५ कॅच, ३४७ यार्ड, ३ टचडाउन केले, ४८-४५ ने जिंकलो. त्या दिवशी अजून तीन टचडाउन आपल्याच एका फ्रेशमनने घेतले, तो हॅरिसन ज्युनियर. म्हणजे दोघं बसले म्हणून ज्यांना जागा मिळाली त्यांनीच इतिहास केला. त्या सीझनचे स्मिथ-एन्जिग्बाचे १,६०६ यार्ड हा कॉलेजचा रेकॉर्ड आहे. पण पुढच्या वर्षी मांडीचा स्नायू धरला आणि गडी तीनच मॅच खेळला, त्यामुळे जमा आहे ते खरं म्हणजे एका सीझनचं. हॅरिसनने त्याउलट २०२२ आणि २०२३ सलग दोन वर्षं हजाराच्या वर यार्ड आणि दोन्ही वर्षं चौदा-चौदा टचडाउन काढले. माझ्या मित्राने शेवटी त्याचीच १८ घेतली, पाठीवर नाव असलेली नवी.

जेरेमाया स्मिथबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर बोलायला लागलो तर दुकान बंद होईल. फ्रेशमन, २०२४, १,३१५ यार्ड, १५ टचडाउन, आणि नोत्र दामविरुद्धच्या फायनलमध्ये थर्ड अँड इलेव्हनला, म्हणजे तिसरी संधी आणि अकरा यार्ड हवे असताना, मॅच हातातून जाईल असं वाटत असताना, ५६ यार्डांचा कॅच. ज्यांच्या डोक्यात अजून शंका असेल त्यांनी त्याची ४ नंबर बघून घ्या, ती या रॅकवर नसते, आली की त्याच दिवशी जाते.

आता मी काय घेतलं ते. २ नंबर, पाठ कोरी. आणि इथेच या दुकानाला माझे पूर्ण मार्क. जुलै २०२१ पर्यंत कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायला बंदी होती, म्हणून दुकानात विकायच्या जर्सीवर नुसता नंबर असायचा, नाव नाही, घेणाऱ्याने आपलं ओळखून घ्यायचं. नंतर नियम बदलला आणि आता नवीन जर्सीवर नाव येतं आणि पोराला त्याचे पैसे मिळतात, जे व्हायलाच हवं होतं. पण जुन्या कोऱ्या पाठीच्या २ नंबरमध्ये एकदम तिघं बसतात. क्रिस कार्टर, मिडलटाउनचा, फ्रेशमन असताना रोझ बोलमध्ये १७२ यार्ड, तीन वर्षांत २७ टचडाउन, आणि एजंटबरोबर सही केली म्हणून १९८७ चं शेवटचं वर्ष हातातून गेलं. मग ओलावे, २०१८ ला कट्टर वैरी मिशिगनविरुद्ध दोन टचडाउन आणि वर एक पंट ब्लॉक, म्हणजे समोरच्याची किक अडवली, आणि करिअरला ३५ टचडाउन, कॉलेजचा रेकॉर्ड. आणि एग्बुका, २०५ कॅच, तोही रेकॉर्ड. माझ्यासाठी पहिला कार्टरच, आजोबांसाठीही तोच, एवढ्या एका गोष्टीवर आमचं जमतं. ते चौथं वर्ष खेळला असता तर हे सगळे रेकॉर्ड कुठे असते, विचार करा. पुढे एनएफएलमध्ये १३० टचडाउन केलेला माणूस आहे तो.

मालाबद्दल. जर्सी आतून उलटी करून बघा, आजोबा काही म्हणत नाहीत. शिवलेला आकडा असेल तर आत २ च्या कडेकडेने बारीक झिगझॅग टाका दिसतो आणि आकड्याचं कापड बोटाला जाड लागतं. चिकटवलेला असेल तर आतून नुसती जाळी दिसते, आणि पुढून आकड्याला जिथे घडी पडते तिथे बारीक भेगा असतात. माझ्या २ ला एका कोपऱ्यात टाका उसवलाय, पण कॉलर पिवळी नाही आणि बाहीवरचे पट्टे शाबूत आहेत, म्हणून घेतली. नवीन शिवलेली जर्सी शंभर डॉलरच्या बऱ्याच वर जाते, ही त्याच्या निम्म्याच्या आत पडली.

एक स्टार कशाला कापला: किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येकवेळी विचारावं लागतं, आणि मला असा दाट संशय आहे की तुम्ही उत्तर काय देता त्यावर किंमत थोडी हलते. टेरी ग्लेन कोण म्हणून विचारणाऱ्या एका पोराला ८३ ची किंमत माझ्यासमोर वाढवून सांगितली. ट्रायल रूम म्हणजे एक पडदा, तोही पुरा मिटत नाही, बायको म्हणाली मी बाहेरच थांबते. परत घेत नाहीत, बदलून देतात. पार्किंग विसरा, दोन ब्लॉक मागे गल्लीत लावा.

बायकोचा अजून एक प्रश्न होता, इतके भारी रिसीव्हर आहेत तर कॉलेजने रिटायर केलेल्या नंबरांत यातला एक तरी आहे का. नाही. ते सगळे बहुतेक पळणारे, आर्ची ग्रिफिनचा ४५, एडी जॉर्जचा २७ असे. देशातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूला देतात ती हाइझमन ट्रॉफी पण इथल्या एकाही रिसीव्हरला नाही. हे आजोबांना सांगून बघा, अर्धा तास जातो.

जायचं तर मधल्या वारी सकाळी जा. मॅचच्या शनिवारी आत शिरता येत नाही, आणि मिशिगनच्या आठवड्यात तर चुकूनसुद्धा त्यांच्या रंगाचं निळं जॅकेट घालून जाऊ नका, दारातच अडवतात. माझी ती कोरी पाठ धुताना गार पाणी, उलटी करून, ड्रायरमध्ये नाही. उसवलेला टाका आईने व्हिडिओ कॉलवर दाखवला तसा घातलाय, आत्तापर्यंत टिकलाय.