ग्रीनलँड शार्क आणि चिचुंद्री: पत्ते झकास, नियम फसलेला

प्राण्यांच्या तुलनेच्या पत्त्यांचा हा संच मी घेतला तो एका जोडीसाठी: ग्रीनलँड शार्क आणि एट्रस्कन चिचुंद्री. बाकी वाघ-सिंह, हत्ती-जिराफ सगळीकडे असतात तसेच. ही जोडी ज्याला सुचली त्याला मात्र मानलं!

एकीकडे थंडगार समुद्रातून ताशी जेमतेम सव्वा किलोमीटरने सरकणारं टनभर वजनाचं धूड. दुसरीकडे 1.8 ग्रॅमच्या आसपास भरणारी, वजनाने जगातली सगळ्यात लहान सस्तन. तिचं हृदय मिनिटाला 1500 ठोक्यांपर्यंत जातं आणि रोज स्वतःच्या वजनाच्या दीड-दोनपट खाणं लागतं. शार्क मादी वयात यायला सुमारे 150 वर्षं लागतात. चिचुंद्रीचं अख्खं आयुष्य दोनेक वर्षांत आटोपतं.

आता तक्रारी. शार्कच्या पत्त्यावर वय ठोकून दिलंय, ‘400 वर्षे’. 2016 च्या अभ्यासात डोळ्याच्या भिंगातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढलं होतं. भिंगाचा गाभा पिल्लू जन्मायच्या आधीच बनतो आणि पुढे बदलत नाही, म्हणून ही युक्ती चालते. पण सगळ्यात मोठ्या मादीसाठी उत्तर आलं 392, तेही 120 वर्षं इकडे-तिकडे धरून. म्हणजे खात्रीने म्हणायचं तर किमान 272. हे छापलं असतं तर मुलांना जास्त मजा आली असती, कारण ‘मग नक्की किती?’ हा प्रश्न ती विचारतातच.

चिचुंद्रीला उंदरांच्या गटात टाकलंय, ते तर साफ चूक. ती घुशीची नाही, जाहक्याची (म्हणजे काटेरी हेजहॉगची) नातलग. शिवाय दोन्ही चित्रं एकाच मापाची!

पण खेळ बिघडवतो तो नियम. लांबी, वजन, आयुष्य, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. चिचुंद्री काय जिंकणार, कप्पाळ? हृदयाचे ठोके तळाशी बारीक अक्षरांत, खेळात मोजतच नाहीत. मी पेनने ‘ठोके’ आणि ‘वजनाच्या किती पट खातो’ असे दोन रकाने वाढवले. जिथे आकडा सापडला नाही तिथे फुली, त्या फेरीत तो पत्ता बाद. तेव्हापासून माझे दोन्ही भाचे चिचुंद्रीवरून भांडतात.

पुठ्ठा जाड आहे, कोपरे अजून शाबूत. मागची चकचकीत बाजू मात्र हातातून निसटते, आणि चित्रांचे रंग जरा भडकच.